धुतल्या बाजूचा माणूस

९ सप्टेंबर

ती. ताईस,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. जाताना तू दारात बजावलंस, की आधी लस घ्यायची आणि मगच मला फोन करायचा, तोवर नवऱ्याचाही आवाज नको आणि भावाचाही नको. ठीक आहे. पत्राला आवाज नसतो, तेव्हा अट मोडली असं तुला म्हणता यायचं नाही. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड. तुझ्या नवऱ्याची खबरबात माझ्याशिवाय तुला देणार कोण?

भावोजी बरे आहेत. हाताने करून खातात. भाजी रोज करपवतात आणि वर मलाच ऐकवतात की करपलेलं पोटाला चांगलं असतं. तू परगावी त्या म्हाताऱ्या आजींच्या सेवेच्या नोकरीला राहायला गेलीस याबद्दल चारचौघांत तक्रार करत नाहीत. पण तुझं नाव निघालं की पाणी प्यायला उठतात. पाणी पीत नाहीत, नुसते उठतात.

माझ्यावर तू डूख धरून आहेस हे मला माहीत आहे. तुझं म्हणणं काय, तर मी घेतली की तेही घेतील, मी अडून बसलोय म्हणून ते अडलेत. ताई, तू आमची लाँड्री आतून कधी पाहिली नाहीस, म्हणून तुला हा पोरखेळ वाटतो. इस्पितळाच्या चादरी, गाऊन, पडदे, सगळं आमच्याकडे येतं. मधोमध भिंत आहे आणि मशिनं भिंतीतच बसवलेली आहेत. एका अंगाला मळकी बाजू, तिथून भावोजी मशीन भरतात. दुसऱ्या अंगाला धुतली बाजू, तिथून मी काढतो. त्यांनी इकडे यायचं नाही, मी तिकडे जायचं नाही. भिंतीत हातभर काच आहे, तिच्यातून आम्ही दिवसभर एकमेकांना बघतो. मशीन भरलं की ते काचेवर टिचकी मारतात. कधी मशीन न भरताच मारतात आणि मी धावत आलो की दात काढतात. तुझ्याशी लग्न झाल्यापासून हा माणूस माझी अशीच खोडी काढत आलाय.

आणि आमच्यात भांडायची एक रीत आहे. काम बंद करायचं नाही, कारण इस्पितळाला चादरी लागतातच. घोषणा द्यायच्या नाहीत. एप्रन उलटा घालायचा, शिवण बाहेर, आणि मागणी मान्य होईपर्यंत सरळ करायचा नाही. मळक्या बाजूला पंखे आम्ही असेच मिळवले. बाहेरचा माणूस बघतो तेव्हा मालकाला लाज वाटते, बाकी काही नाही.

आमच्या लाँड्रीतला मामा कसा गेला ते तू ऐकलं आहेस. आम्हा दोघांना काम शिकवणारा माणूस. साथ ऐन भरात असताना फाटक्या हातमोज्यांनी वॉर्डातल्या पिशव्या उघडत होता. तो गेला आणि मॅनेजर म्हणाला, बसमधून लागण झाली असेल. मामा सायकलने यायचा! आता तोच मॅनेजर नोटीस लावतो की तुमच्या जिवाची आम्हाला काळजी आहे, ऑक्टोबर संपेपर्यंत लस घ्या, नाहीतर घरी बसा. मी म्हटलं, मामा इथल्या कामाने गेला हे आधी लिहून द्या, मग दंड पुढे करतो. आणि एप्रन काढून उलटा घातला. भावोजींनी काचेतून पाहिलं आणि त्यांनीही घातला. मग एकेक करत सगळ्यांनीच. आता तूच सांग, यात मी त्यांना नादी लावलं असं कुठे होतं?

आमची लेक, मुंगी, अजून इस्पितळात काचेच्या पेटीतच आहे. एवढीशी आहे, पण वजन धरतेय. काल तिने बोट असं घट्ट धरलं की सोडेचना. तुझ्या वहिनीचं म्हणजे. मी काय, बाहेरून बघतो.

तुझा,
ठोंब्या


२८ सप्टेंबर

ती. ताईस,

तुझं उत्तर नाही. नसू दे. आजींना कूस बदलून द्यायची, औषधं द्यायची, त्यात तुला वेळ कुठला, असं मी भावोजींना सांगितलं. ते हो म्हणाले. त्यांना पटलं नाही, पण हो म्हणाले.

इकडे एप्रन सरळ व्हायला लागलेत. आधी इस्त्रीवाल्या दोघी. त्यांची मुलं लहान आहेत, त्यांना कोण काय बोलणार? मग गाडीवाला, मग घड्या घालणारे. सकाळी कपडे बदलायच्या खोलीत जो तो पाठ फिरवून एप्रन घालतो आणि सरळ घालून गुपचूप निघून जातो. मी कोणाला काही म्हणत नाही. ज्याचा त्याचा जीव आहे. त्यांना वाटतं मी मनातून चिडलोय. घडीवाला तर माझ्याकडे बघून माफ कर म्हणाला. मी म्हटलं, कशाबद्दल?

तू पत्र वाचत असशील तर एक ऐक. मी भावोजींना धरून ठेवलेलं नाही. ते स्वतःच्या पायांवर उभे आहेत. मॅनेजरने त्यांना बोलावून गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, दटावून पाहिलं. ते म्हणाले, मामाचं लिहून द्या. त्यांना कोणी हलवू शकत नाही. मला अभिमान वाटतो, आणि तुलाही वाटायला हवा.

मुंगीला परवा घरी आणलं. भावोजी अंगणातून बघून गेले, आत आले नाहीत. दाराबाहेर चपलाही काढल्या नाहीत, कारण चपला काढल्या तर मोह होईल म्हणाले. मी म्हटलं, या हो आत. तर म्हणाले, तुम्ही बाप आहात, तुमचा इलाज नाही, पण आपण दोघांनी एवढ्याशा जिवाजवळ दाटी करायला नको.

तुझी वहिनी आतून ऐकत होती. त्यानंतर ती माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नाही. बाळंतपणात बायका हळव्या होतात.

ठोंब्या


१४ ऑक्टोबर

ताई,

वरचे नमस्कार-चमत्कार आज नकोत. मी खोटं बोललो. दोन्ही पत्रांत, आणि त्याआधी तुझ्या तोंडावर.

मी लस घेतली आहे. केव्हाच घेतली. मुंगी पेटीत होती तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बापाने लस घेतली असेल तरच आत यायचं, नाहीतर काचेबाहेर. मी आठवडाभर काचेबाहेर उभा राहिलो. जन्मभर काचेतून माणसं बघायची सवय आहे मला, पण ही काच सोसेना. मग बस पकडून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो, जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही, आणि टोचून आलो. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. बोट तिने माझंच धरलं होतं, ताई. तुझ्या वहिनीचं नाही.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तू आलीस. रडलीस, पाया पडायला निघालीस, माझा दंड धरून मला गदागदा हलवलंस. डावा दंड. तिथेच टोचलं होतं. कळ मस्तकात गेली. आणि मी तुला म्हणालो, मेलो तरी घेणार नाही. कारण तुझ्यामागे दारात भावोजी उभे होते, आणि त्यांनी तो एप्रन माझ्यासाठी उलटा केला होता. आधी मी, मग ते. मी काय सांगणार होतो त्यांना? की तुम्ही तेवढे उभे राहा, मी बसून घेतो?

म्हटलं, उद्या सांगू. मग उद्या. मग जसजसे बाकीचे गळत गेले तसतसं सांगणं अवघड होत गेलं. आता सगळ्या लाँड्रीत दोनच उलटे एप्रन उरलेत आणि त्यातला एक खोटा आहे.

थांब, अजून आहे. त्यांना कोणी हलवू शकत नाही असं मी लिहिलं होतं ना? ते स्वतःच हलायला तयार होते. ते पत्र टाकलं त्याच्या आदल्याच दिवशी चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन बसले. कपात बघत म्हणाले, "मेव्हणे, तुम्ही म्हणत असाल तर टाकू घेऊन. घर खायला उठतं हो."

मी फक्त हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि तुम्ही? त्या प्रश्नाला मी इतका भ्यालो की म्हणालो, "मामाला एवढ्यात विसरलात?"

वरमले बिचारे. चहा अर्धा टाकून उठले. मामाचं मलाही दुःख आहे, खरंच आहे. पण त्या दिवशी मी त्याला ढालीसारखा पुढे केला आणि मागे लपलो.

ताई, मला सांगता येत नाहीये. तू सांग. फोन कर त्यांना आणि सांग, की तुमचा मेव्हणा कधीच घेऊन मोकळा झालाय, त्याच्यापायी अडून बसू नका. तुझं ऐकतील. मला शिव्या देतील, कदाचित पुन्हा तोंड बघणार नाहीत, पण लस घेतील. ते रोज मळक्या बाजूला त्या पिशव्या उघडतात गं. मी भिंतीच्या अलीकडून बघत असतो.

उद्या सकाळी कामावर जाताना हे पेटीत टाकतो.


२९ ऑक्टोबर

ती. ताईस,

मागचं पत्र तुला मिळालेलं नाही. मी टाकलंच नाही. पेटीपर्यंत गेलो होतो. अजून खिशात आहे, घडीवर काळं पडलंय. याच्यासोबतही ते जोडत नाही, कारण आता त्याची गरज पडणार नाही, मी सगळं मार्गी लावलंय. तुला आनंदाची बातमी द्यायची आहे, म्हणून हे वेगळं लिहितोय.

भावोजी तयार झाले! उद्या आम्ही दोघं जाऊन लस घेणार.

झालं असं की मी मामीकडे गेलो. म्हटलं, आता तुम्हीच काहीतरी सांगा. मामी म्हणाली, तुम्ही दोघं नोकरी घालवून बसलात तर माझा माणूस परत येणार आहे का, आणि मी स्वतः गेल्या महिन्यातच घेतली, मला कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. मग मी भावोजींना तिच्याकडे घेऊन गेलो. तिने त्यांना जे झाडलं! ते मान खाली घालून ऐकत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मग? तुमचं काय?" आणि मी म्हणालो, तुम्ही घेता तर मीही घेतो. दोघं एकदमच घेऊ.

म्हणजे मी पुन्हा घेणार. पहिल्यांदाच घेतोय असं दाखवून. मला तसा दुसरा डोस घ्यायचाच आहे, तेव्हा नुकसान काही नाही. मोबाइलचा नंबर तुझ्या वहिनीचा देईन. पहिली तर शहराच्या त्या टोकाला झाली, ती इथे कशाला दिसेल? कोणाचं काही जात नाही आणि भावोजींना कधी कळायचंही नाही. तुझ्या वहिनीचं म्हणणं, एवढा आटापिटा करण्यापेक्षा तोंड उघडा. तिला काय जातंय म्हणायला.

मात्र आता तू हे वाचशील तेव्हा तुला कळलंच, की मी आधी घेतली होती. लिहिता लिहिता निघून गेलं. असो. तू तरी त्यांना सांगू नकोस.

भावोजींनी दाढी केली. नवा शर्ट इस्त्री करून खिळ्याला लावून ठेवलाय. लस घेऊन केंद्राच्या दारातूनच तुला फोन लावणार म्हणतात. काय बोलायचं ते पाठ करतायत, मला ऐकवून दाखवलं, आणि अर्ध्यातच हसायला लागले. आवाज जरा बसलाय त्यांचा. मळक्या बाजूला वाफ फार असते, तिनेच असेल.

फोनची वाट बघ. हे पत्र पोचायच्या आत येईल बहुतेक.

ठोंब्या


३१ ऑक्टोबर

ताई,

फोन आला नाही हे तुला माहीत आहे. सोबत चौदा तारखेचं पत्रही ठेवतोय. आधी ते वाच, मग पुढचं वाच.

केंद्र शाळेत होतं. लांबलचक रांग. ऊन होतं आणि भावोजी सावलीत उभे राहायला तयार नव्हते, रांग सुटेल म्हणून. पुढच्या मागच्या सगळ्यांशी बोलत होते. मधूनमधून खोकत होते, तेव्हा तोंड कोपरात लपवत होते. मी म्हटलं बसा जरा, तर म्हणाले, इतके महिने बसूनच होतो ना.

टेबलाशी आलो तेव्हा त्यांनी मला पुढे ढकललं. "आधी तुम्ही. उलटे पहिल्यांदा तुम्ही झालात, आता सुलटेही पहिले व्हा." नर्सबाईने नंबर विचारला नाही. ओळखपत्र मागितलं. ते घेऊन यंत्रात बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "तुमचा हा दुसरा. पहिला ऑगस्टमध्ये झालाय. इतका उशीर का केलात?"

मी मागे वळलो नाही. बाही वर केली. तिने टोचलं. मला काही जाणवलंही नाही. बाजूला सरकलो तेव्हा भावोजींचा चेहरा दिसला. राग नव्हता, ताई. हिशेब चुकल्यावर माणूस पुन्हा बेरीज करायला लागतो ना, तसे ते बघत होते.

मग त्यांची पाळी. बाईने ते ताप बघायचं कपाळासमोर धरलं. पुन्हा धरलं. म्हणाली, ताप आहे तुम्हाला, आज देता येणार नाही, उतरला की या. भावोजी म्हणाले, उन्हाचा आहे. ती म्हणाली, नाही, अंगात आहे. तेव्हा ते टेबलावर दोन्ही हात टेकून तिला म्हणाले, "बाई, द्या ना. आलोय तर देऊन टाका." तीन महिने मॅनेजरसमोर ताठ उभा राहिलेला माणूस. मागच्या रांगेतला एकजण सरका म्हणाला. मी त्यांचा हात धरायला गेलो, त्यांनी काढून घेतला.

परतताना ते माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिले. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि विचारलं, ती रडत आली होती, तेव्हा घेतलेली होती लस? मी म्हटलं, हो. अजून थोडं चालले. मग म्हणाले, "मामाचं मला तेवढं नव्हतं रे. तू एकटा पडशील म्हणून मी. मग मी कुणासाठी थांबलो होतो?"

मला नेहमी मस्करीत अहो-जाहो करणारा माणूस. अरे म्हणाले. दार लावून घेतलं. मी बाहेर उभा होतो, आतून खोकल्याचा आवाज येत होता.

ताई, आता तू फोन कर. अट मोड.


९ नोव्हेंबर

ताई,

काल दुसऱ्याच्या फोनवरून तुला लावला. तू हॅलो म्हणालीस, मी ताई म्हटलं आणि तू कापलास. पुन्हा लावला, नंबर लागेना. त्या घरच्या नंबरावर कुणीतरी पुरुष बोलला, निरोप देतो म्हणाला. आजींचा मुलगा असेल. त्याने दिला का? माझी पत्रं तू उघडतेस की नाही तेही मला माहीत नाही. म्हणून हे पाकिटात न घालता उघडंच टाकतोय. कुणीही वाचा, पण तिला सांगा.

भावोजी इस्पितळात आहेत. चार तारखेला मी दार फोडून त्यांना नेलं. आत घेताना दम इतका लागला होता की नाव मी सांगितलं. तोंडाला मास्क आहे, ऑक्सिजन चालू आहे. आत कोणाला सोडत नाहीत. लस घेतलेल्यालाही नाही.

मुदत संपल्यावर मलाही घरी बसवलं होतं, पण कामावर परत घेतलं. लसीचा कागद होता ना माझ्याकडे. मॅनेजर म्हणाला, शहाण्या, आधीच दाखवायचा नाही का. मळक्या बाजूला माणूस नव्हता, तर मी म्हटलं, मला द्या. आता मी तिकडे असतो, भावोजींच्या जागी. ते आहेत त्या वॉर्डाच्या पिशव्या रोज येतात, वॉर्डाचा नंबर लिहिलेला असतो. मी त्या पिशव्या दुसऱ्या कुणाला उघडू देत नाही. ताई, मी तुझ्या नवऱ्याच्या चादरी धुतो. त्यातली त्यांची कुठली ते कळत नाही, म्हणून सगळ्याच सावकाश काढतो. लोकांना वाटतं मी आळस करतोय.

त्या वॉर्डातली मावशी पिशव्या खाली आणून देते. तिला रोज विचारतो. आहेत, म्हणते. आज दोन घास खाल्ले म्हणाली. काल नाही खाल्ले.

मी चूक कबूल करायला हे लिहीत नाहीये. माझं काय करायचं ते तू नंतर कर, मला घरात घेऊ नकोस, मुंगीच्या बारशाला येऊ नकोस, मी काही म्हणणार नाही. पण आत्ता ये. नाही येता आलं तर फोन कर. त्यांचा फोन त्यांच्या उशाशी आहे. तुझा आवाज ऐकला तर ते खातील. डॉक्टर म्हणतात माणसाने उभारी धरायला हवी. ती मी कुठून आणू? त्यांना माझं नावसुद्धा सांगू नकोस असं मी मावशीला बजावून ठेवलंय.

ये गं. हात जोडतो.


१६ नोव्हेंबर

ताई,

तुला निरोप उशिरा मिळाला आणि तू निघालीस एवढं कळलं. गाडी संध्याकाळी येते. मी फलाटावर बसून हे लिहितोय. तू उतरलीस की हातात देणार, कारण तोंडाने मला जमायचं नाही. तू आधी माझ्या चेहऱ्याकडे बघशील आणि तुला कळेलच.

पहाटे गेले. मला सकाळी कामावर कळलं. मावशी पिशव्या घेऊन आली आणि ठेवून तिथेच उभी राहिली. ती कधी उभी राहत नाही. मी मशीन भरत होतो, भरतच राहिलो. पलीकडे काचेत आता एक नवा माणूस असतो, तो टिचकी मारून विचारत होता की काय झालं, दार का लावत नाही.

मावशीने मला बाहेर नेऊन बसवलं. मी विचारलं, माझ्यासाठी काही म्हणाले का? ती चांगली बाई आहे, तिने आठवून पाहिलं. नाही म्हणाली. मी म्हटलं, काहीतरी म्हणाले असतील, शिवी वगैरे. नाही म्हणाली.

तुझ्याबद्दल बोलायचे. तू का फोन केला नाहीस असं कधी म्हणाले नाहीत. उलट मावशीच त्यांना म्हणाली होती, परवा, जरा बरे वाटत होते तेव्हा, की फोन आहे उशाशी तर बायकोला लावून देते. मास्क बाजूला करून बोला दोन शब्द. त्यांनी मान हलवली. नको म्हणाले. "लस घेतल्यावर करायचा असं ठरलंय. अजून घेतली नाही."

मावशीला काही समजलं नाही. तापात बोलतायत असं तिला वाटलं. तरी ती म्हणाली, मग निरोप तरी द्या, मी पोचवते. ते बराच वेळ दम गोळा करत होते म्हणे. तुला एवढंच सांगायला सांगितलंय. मला दिलेलं नाही, तुला दिलेलं आहे, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"तिला सांगा, मी रांगेत उभा होतो."